चौसष्ट घरांतले दाणे आणि ६४१

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही दुपटीची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे. गोष्टीत गहू असतो. आपण सोलापुरात बसलोय, तर शाळू घेऊ. चौसष्ट घरं भरली की दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. हजार दाणे तीस ग्रॅमचे धरले, तर ही रास ५५ हजार कोटी टनांच्या वर जाते. राजा हादरतो आणि गोष्ट संपते. मला मात्र ही संख्या तिथून पुढेच आवडायला लागते.

ती म्हणजे दोनचा ६४ वा घात वजा एक. वीस आकडी आहे, पण तिचे अवयव पाडायला आठवीतलं ‘वर्ग वजा वर्ग’ पुरतं. एक कंस अधिकचा, एक वजाचा. वजाचा कंस पुन्हा फोडायचा. सहा वेळा फोडलं की हाती येतात ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. सहावीचं काय?

फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला १६४० च्या सुमारास वाटत होतं की तीही मूळ असणार. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं, तसं नाही: ६४१ ने तिला निःशेष भाग जातो, भागाकार ६७,००,४१७. या सहाव्या संख्येचा मूळ अवयव ६४ च्या पटीत एक मिळवूनच येतो. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१. पाचव्याच प्रयत्नात!

ती मोठी भागाकाराची मांडणीही नको. वही काढा. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १. म्हणून ५ गुणिले दोनचा सातवा घात, याला ६४१ ने भागलं तर बाकी उणे एक. चौथा घात घ्या: पाचचा चौथा गुणिले दोनचा अठ्ठाविसावा, बाकी एक. आता ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६. तेव्हा बाकीच्या हिशेबात पाचच्या चौथ्या घाताऐवजी उणे १६ लिहायला हरकत नाही. १६ हा दोनचा चौथा घात. चार आणि अठ्ठावीस, बत्तीस. उणे दोनचा बत्तिसावा घात, बाकी एक. म्हणजेच बत्तिसावा घात अधिक एक, बाकी शून्य. इतकं देखणं गणित मी फार थोडं पाहिलंय.

तर आपल्या दाण्यांच्या संख्येला सात मूळ अवयव, प्रत्येक एकेकदाच. म्हणून विभाजक १२८. पटाच्या आठव्या घरात पडतात तेवढेच.

आता शेवटचं घर रिकामं ठेवा. ६३ विषम आहे, वर्ग वजा वर्ग अडतं. पण ६३ ला तीनने भाग जातो, तेव्हा घन वजा घन लावा. तिथे ७ हा अवयव दोनदा येतो. का येतो, ते घरी करून बघा.