सकाळी न उठणारी फियाट

मुंबईची थंडी ती काय, जानेवारीत चार दिवस पंखा एकवर ठेवायचा. त्यामुळे थंडीमुळे गाडी सुरू होत नाही असं इथल्या गॅरेजमध्ये कुणी म्हणालं, तर मिस्त्री हसतो. पण "सकाळी घेत नाही, एकदा गरम झाली की दिवसभर कटकट नाही," असं सांगितलं की तो लगेच बॉनेट उघडायला सांगतो. रात्रभर उभं राहिलेलं इंजिन त्याच्या लेखी थंडच, बाहेर हवा कितीही दमट आणि उबदार असली तरी.

(माटुंग्यातल्या एका जुन्या इमारतीचं आवार. कव्हर काढलेली गाडी.)

ही प्रीमियर पद्मिनी. आरसी बुकात पद्मिनी, घरात मात्र फियाटच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी, कारखाना कुर्ल्यात. इटलीच्या फियाट ११०० वरून १९६४ पासून ही गाडी इथे तयार होऊ लागली आणि पुढे तिला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर, चोक. बिघाड कुठे आहे ते स्क्रीनवर सांगणारं काही नाही. जे कळायचं ते कानाला, नाकाला आणि बोटांना.

मालकांचं वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी बॅटरी आधीच नवी घातली आहे, कारण शेजाऱ्यांनी तसं सांगितलं. सेल्फ जोरात फिरतोय, इंजिन मात्र पकडत नाही.

"काका, आता थांबा. उगाच सेल्फ मारू नका."

मिस्त्री पाना लावून एक प्लग काढतो. इथे कॅमेरा जवळ न्यायलाच हवा, कारण निम्मं निदान या बोटभर वस्तूत आहे. इतका वेळ सेल्फ मारूनही प्लगचं टोक कोरडं आहे आणि त्याला पेट्रोलचा वास नाही. प्लग ओला निघाला असता, तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही असं धरून पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, डिस्ट्रिब्युटरची टोपी हे ठिणगी देणारं सगळं तपासायला लागलं असतं. कोरड्या प्लगने तो अर्धा रस्ता बंद केला. पेट्रोलच वर येत नाही.

पेट्रोल द्रवरूपात नीट पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ. इंजिन थंड असलं की बरंचसं पेट्रोल मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांच्या, भिंतींना चिकटून राहतं आणि सिलिंडरपर्यंत पातळ मिश्रण पोचतं. म्हणून चोक ओढायचा. चोकने हवेच्या मानाने पेट्रोल वाढतं आणि वाफ जेमतेम पुरते. गरम इंजिनाला याची गरज नसते, त्यामुळे जो दोष सकाळी गाडी अडवतो तो दुपारी दिसतसुद्धा नाही. दुपारी गॅरेजला नेलेली गाडी मुकाट सुरू होते आणि मालक खोटा पडतो. म्हणून हा मिस्त्री सकाळी साडेसातला इथे आला आहे आणि आदल्या रात्रीपासून गाडीला कुणी हात लावायचा नाही, असा त्याचा दम होता.

चोकची मूठ पूर्ण बाहेर येतेय. मात्र कार्ब्युरेटरवरची लिव्हर अर्ध्यातच थांबते, कारण आतली तार स्क्रूखालून सरकली आहे. एक दोष मिळाला. तार ताणून स्क्रू आवळला, तरी प्लग कोरडाच.

आता कार्ब्युरेटरला येणारा पाइप काढून बाटलीत धरला आणि सेल्फ मारला. बराच वेळ नुसती हवा, मग थोडं फेसाळ पेट्रोल, आणि त्यानंतर कुठे नीट पिचकाऱ्या. (उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी उडू शकते. हे घरी करून बघायचं काम नाही.) म्हणजे रात्रभरात पाइपातलं पेट्रोल टाकीकडे परत जातंय. मेकॅनिकल पंपाच्या झडपा बसत नसतील तर असं होतं. पण फेस कशाचा?

मिस्त्री टाकीच्या बाजूने पंपापर्यंत येणारा रबरी तुकडा दुमडतो. बाहेरून ठणठणीत, थेंबभर गळती नाही. दुमडल्यावर मात्र केसाएवढ्या भेगा उघडतात. पंपाच्या अलीकडची ही बाजू ओढणारी आहे. तिथे भेग पडली की पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जमिनीवर डाग पडत नाही म्हणून कुणी तिकडे बघत नाही. माझ्या मते जुन्या गाड्यांचे निम्मे कार्ब्युरेटर याच तुकड्यापायी विनाकारण खोलले जातात.

(ऑपेरा हाउस. दुकानांच्या पाट्या, फुटपाथवर खोकी.)

सुटे भाग घ्यायला मुंबईत माणूस ऑपेरा हाउसला येतो, नाहीतर कुर्ल्याला सीएसटी रोडला. नवीन माल ऑपेरा हाउसला, उतरवलेला माल कुर्ल्याला, अशी ढोबळ वाटणी. चोर बाजारातही फियाटचे दिवे, मुठी, मीटर दिसतात. ते हौसेने बघावेत, पंप तिथे घेऊ नये.

काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला: "सॅम्पल लाया क्या?"

काकांनी जुना पंप प्लॅस्टिकच्या पिशवीत आणला आहे, हे बरं केलं. एकाच गाडीला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे पंप लागले. डायफ्रामची (पंपातल्या रबरी पडद्याची) भोकं, दांड्याची लांबी, झडपांचा आकार, काहीही वेगळं निघू शकतं. दुकानदार पंप दुरुस्तीची दोन किट काढतो. एक जुन्या स्टॉकचं, पिवळ्या पडलेल्या खोक्यात, कंपनीच्या छापाचं. दुसरं साध्या पुडीत, अलीकडे बनलेलं. काकांचा हात साहजिकच पहिल्याकडे जातो.

मिस्त्री ते डायफ्राम अंगठ्याने दाबतो. कडक झालंय. रबर वापरलं नाही तरी खोक्यात म्हातारं होतं. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट, पंपाचं शरीर, कार्ब्युरेटरचे जेट असलं काही जुन्या स्टॉकचं मिळालं तर डोळे मिटून घ्यावं. डायफ्राम आणि नळी मात्र ताजीच हवी. त्यात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि या गाडीचं रबर त्या हिशेबाने कधीच बनलेलं नव्हतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं किंवा ठिसूळ करतं. शिवाय वाफ व्हायला त्याला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणजे थंड इंजिनाची पंचाईत आणखी वाढते. म्हणून नळी घेताना मिस्त्रीने फ्युएल इंजेक्शनची नळी मागितली. महाग आहे, पण लागते जेमतेम वीतभर. आणि पंप ब्लॉकवर बसतो तिथलं पॅकिंग जुन्याच जाडीचं घ्यायचं. ते जाड झालं की पंपाचा दांडा पुरता हलत नाही, आणि नवीन किट घालूनही पेट्रोल कमीच येतं.

हे सगळं पूर्वी नाक्यानाक्यावर मिळायचं. काळी-पिवळी टॅक्सी हीच गाडी होती. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत झाली. वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर या टॅक्सीचा जमाना संपला. टॅक्सीवाले होते तोवर दुकानदाराला माल ठेवणं परवडत होतं. आता गिऱ्हाईक म्हणजे काकांसारखे हौशी.

(पुन्हा आवार. सकाळ.)

किट बसलं, नळी बदलली. चोक ओढून गाडी आधी थोडी खोकली, मग चालू झाली. मिस्त्री मूठ हळूहळू आत ढकलायला सांगतो. चोक ओढूनच गाडी दामटली तर प्लग काळे पडतात आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल धुऊन काढतं.

"काका, पावसाआधी डिस्ट्रिब्युटरची टोपी पण बघू. आत बारीक काळी रेघ आहे. दमट हवेत करंट तिथूनच पळणार."

टोपी मिळेल, असं ऑपेरा हाउसचा दुकानदार म्हणालाय. चोकची केबल मात्र अजून मिळालेली नाही. तोवर स्कूटरची आतली तार कापून बसवली आहे. कुर्ल्याला एकजण बघून सांगतो म्हणालाय.