मूळ गावाचा माग

श्रोतेहो, नमस्कार. एकोणिसाव्या शतकात सुमारे ५० लाख जर्मन माणसे अमेरिकेत गेली आणि त्यांतील पुष्कळांनी विस्कॉन्सिन, आयोवा, नेब्रास्का अशा राज्यांत शेती धरली. त्यांपैकी एखाद्या शेतकऱ्याचे आयुष्य त्याच्या वंशजांना कसे उलगडता येते, याविषयी मी आज बोलणार आहे.

या शोधातील सर्वांत मोठी अडचण असते ती मूळ गावाची. जर्मनी हे एक राष्ट्र झाले ते १८७१ मध्ये. त्यापूर्वी माणूस प्रशिया, हेस किंवा व्युर्टेम्बर्ग अशा एखाद्या जर्मन राज्याचा म्हणवला जाई आणि अमेरिकेच्या जनगणनेतही बहुधा तेवढेच लिहिलेले सापडते. १९०६ पूर्वीच्या नागरिकत्वाच्या कागदांवर ज्या राजाची निष्ठा त्याने सोडली त्या राजाचे नाव असते, स्वतःच्या गावाचे क्वचितच. आणि जर्मनीतील जुन्या नोंदी तर गावोगावच्या चर्चमध्ये आहेत, कारण साऱ्या साम्राज्यात सरकारी जन्मनोंद सुरू झाली ती १८७६ साली. त्यामुळे गाव कळले नाही, तर शोध अटलांटिकच्या अमेरिकी किनाऱ्यावरच थांबतो.

हॅम्बुर्ग बंदरातून निघालेल्यांच्या १८५० ते १९३४ या काळातील प्रवासीयाद्या सुदैवाने टिकल्या आहेत. ब्रेमेन बंदराच्या एकोणिसाव्या शतकातील याद्या मात्र जवळजवळ सर्व नाहीशा झाल्या. त्यातच १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीमुळे गेले, म्हणजे नव्या वसाहतकऱ्याने घर बांधून शेत उभे केले, नेमकी ती वर्षे जनगणनेच्या दृष्टीने रिकामी राहतात.

ही पोकळी भरून काढण्यासाठी मला सर्वांत मोलाची वाटते ती जमिनीची फाइल. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळे, पण तिथे पाच वर्षे राहून ती कसावी लागे, आणि परदेशी माणसाला नागरिक होण्याचा इरादा आधी कोर्टात नोंदवावा लागे. मुदत भरल्यावर त्याला स्वतःची आणि दोन शेजाऱ्यांची साक्ष द्यावी लागे. घर केवढे, किती एकर नांगरली, विहीर आहे का, कुटुंबात माणसे किती, हे सारे त्या साक्षीत येते. ज्याने मागे एक पत्रही ठेवले नाही, त्याच्या घराला खिडक्या किती होत्या हेसुद्धा वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील या फाइलींतून कधीकधी कळते. त्या दोन साक्षीदारांची नावे जरूर टिपून ठेवावीत. एका गावची माणसे पुष्कळदा एकमेकांच्या मागोमाग येत, आणि शेजाऱ्याचे गाव सापडले की आपल्या माणसाचेही सापडण्याचा संभव असतो.

स्त्रियांचा शोध अधिक कठीण, आणि त्याकडे दुर्लक्षही अधिक होते. १९२२ पर्यंत पतीबरोबरच पत्नी नागरिक होत असल्याने तिचे स्वतंत्र कागद बहुधा नसतात. तिच्यासाठी अमेरिकेत ती राहिली त्या भागातील ल्युथरन किंवा कॅथलिक चर्चच्या वह्या पाहाव्यात. तिथला पाद्री पुष्कळदा स्वतः जर्मन असे, त्यामुळे विवाहाच्या किंवा दफनाच्या नोंदीत तो तिच्या जन्मगावाचे नाव नीट लिही. या वह्या जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरांत आहेत. पहिल्या महायुद्धात जर्मन भाषेविरुद्ध लाट उसळली; आयोवाच्या गव्हर्नरने मे १९१८ मध्ये चर्च, शाळा आणि टेलिफोनवरही इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलण्यास बंदी केली. अशा दडपणाखाली अनेक घरांत ती भाषा मुलांपर्यंत पोहोचलीच नाही, आणि आजोबांचे कागद नातवंडांना वाचता येईनासे झाले. ही अक्षरे वाचायला शिकणे हा शोधाचाच भाग आहे.

गाव सापडल्यावर इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंट, चर्चच्या अनेक वह्या आर्किऑन या संकेतस्थळावर आणि कॅथलिक चर्चच्या अनेक वह्या मॅट्रिक्युलावर पाहता येतात. मात्र एकाच गावात एकाच नावाची दोन मुले असणे सहज शक्य आहे. म्हणून जन्मतारीख आणि आईवडिलांची नावे जुळवून घ्यावीत, आणि तोच मुलगा पुढे त्याच गावात विवाहाच्या किंवा मृत्यूच्या नोंदीत दिसत नाही ना, हे पाहिल्याखेरीज त्याला आपला पूर्वज मानू नये.