सबवूफरची केबल निवडताना पैसे कशावर घालावेत?

नमस्कार. सबवूफर म्हणजे फक्त खालचे, जाड सूर वाजवणारा स्पीकर. त्याच्यासाठी केबल घेण्याआधी त्याची मागची बाजू पाहा. तिथे विजेची वायर जोडायची सोय असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे आवाजाचा सिग्नल मोठा करणारा भाग, आतच आहे, आणि रिसीव्हरच्या (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या यंत्राच्या) सब-आउटपासून सबवूफरच्या एलएफई (खालच्या सुरांसाठीच्या चॅनलच्या) सॉकेटपर्यंत आरसीए पिनांची (टीव्हीमागच्या गोल सॉकेटांत बसणाऱ्या पिनांची) एकच केबल पुरते.

होम थिएटरच्या एलएफई चॅनलची वरची मर्यादा १२० हर्ट्झ आहे, आणि इतक्या खालच्या सुरांवर दहा मीटर केबलच्या कपॅसिटन्सचा (विद्युतभार साठवण्याच्या गुणाचा) काहीही परिणाम होत नाही. त्यामुळे ‘बास अधिक खोल करणारी’ म्हणून विकली जाणारी महागडी केबल मी तरी घेणार नाही. काळजी करायची ती गुणगुणीची. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची असते, म्हणजे तिचा गुंजारव नेमका सबवूफरच्या टापूत येतो, आणि लहान स्पीकरला जो आवाज धड काढताही येत नाही, तो सबवूफर खणखणीत ऐकवतो. म्हणून मधल्या तारेभोवती दाट जाळीचे आवरण असलेली कोअ‍ॅक्सियल केबल घ्यावी. डीटीएचसाठी वापरली जाणारी ७५ ओहमची आरजी-६ केबल आरसीए पिना लावून हे काम उत्तम करते, मात्र ती कडक असल्याने कोपऱ्यात सहज वळत नाही.

पिन घट्ट बसणारी हवी, पण सॉकेटच उखडेल इतकी नव्हे. सोन्याच्या मुलाम्याने आवाज सुधारत नाही. कोकणपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत पिन काळी पडत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

चांगली केबल लावूनही गुणगुण राहिली, तर सेट-टॉप बॉक्सला येणारी केबल टीव्हीची वायर काढून पाहा. आवाज थांबला, तर दोष अर्थिंगच्या दोन वाटा जुळून झालेल्या वेटोळ्याचा आहे, आणि तिथे त्या वायरवर आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन अर्थिंगची वाट तोडणारा जोड, लावावा लागतो. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. तो जिवाशी खेळ आहे.

सबवूफरमध्ये अ‍ॅम्प्लिफायर नसेल, तर हिशेब बदलतो, कारण आता तारेतून मोठा प्रवाह जातो. चार ओहमच्या सबवूफरला दहा मीटरवर ०.७५ चौरस मिलिमीटरची तार लावली, तर जाऊन-येऊन जवळजवळ अर्धा ओहम रोध वाढतो, २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत तो ०.१४ ओहमच राहतो. घेताना टोक खरवडून पाहावे. आत पांढरट धातू दिसला, तर बहुधा ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार असते, आणि तिचा रोध तांब्याहून बराच जास्त असतो.