जांभळा वेताळ, भगवा बहादूर

हा जांभळा, अंगासरशी बसलेला पोशाख पाहा. हा वेताळ, म्हणजे अमेरिकी चित्रकथांतला मूळचा फँटम, जंगलात राहणारा मुखवटाधारी नायक. त्याचा जनक ली फॉक याच्या मनात हा पोशाख राखाडी होता. 17 फेब्रुवारी 1936 रोजी अमेरिकी वृत्तपत्रांत ही चित्रमालिका सुरू झाली ती काळ्या-पांढऱ्यात, म्हणून रंगाचा प्रश्नच आला नाही. 1939मध्ये रविवारची रंगीत पाने निघाली आणि छापखान्यातून वेताळ बाहेर पडला तो जांभळा होऊन! इटलीत तो लाल झाला, स्वीडनमध्ये निळा.

रोजच्या अंकात त्याच्या वाट्याला जेमतेम तीन-चार चौकटी. पहिलीत कालचा धागा, शेवटचीत रोखलेलं पिस्तूल. उद्याचा पेपर घ्यायलाच हवा! हे गणित न्यूयॉर्कला आधीच उमगलं होतं. 1896मध्ये पुलित्झर आणि हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांत पिवळ्या झग्यातल्या एका चित्रातल्या पोरावरून चढाओढ लागली होती.

मार्च 1964मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी इंद्रजाल कॉमिक्स काढलं. वर्तमानपत्रातली आडवी पट्टी उभ्या पानात बसवायची, तर चौकटी कापाव्या लागत, पुन्हा जुळवाव्या लागत. फुग्यांतले संवाद हिंदी, मराठी, बंगालीत नव्याने लिहायचे. बंगालची आठवण करून देणारं वेताळाच्या देशाचं नाव इथे डेंकाली झालं. मुखपृष्ठंही इथलीच, गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवलेली. या माणसांच्या हातांनी वेताळ आपल्या घरात आला, असं मी मानतो.

तरी एक गोष्ट खुपतेच. त्या जंगलातली माणसं पिढ्यान् पिढ्या एका गोऱ्या बुरखेधारी रक्षकाची वाट पाहतात. स्वतंत्र झालेल्या देशातली मुलं हे वाचत होती.

त्यामुळे 1976 साल मला मोठं वाटतं. आबिद सुरती यांनी इंद्रजालसाठी बहादूर हा देशी नायक लिहिला, ब्राह्मणियांनी तो काढला. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. मुलाला वाढवलं ते पोलीस अधिकारी विशालने. हा बहादूर मुखवटा घालत नाही. तो गावकऱ्यांना एकत्र करून नागरिक सुरक्षा दल उभारतो, डाकूंशी लढायला त्यांनाच शिकवतो. वेताळाच्या जंगलात हे कधी सुचलं नव्हतं.

1990मध्ये इंद्रजाल बंद पडलं. बहादूरच्या कथा सलग, मूळ रंगांत आणि मराठीत पुन्हा छापल्या जायला हव्यात.