घन बॅटरीत लिथियम चालतो कसा? सुरुवात हुपरीच्या चांदीपासून

(हातात काळवंडलेला पैंजण)

राम राम मंडळी! हा पैंजण हुपरीचा. कपाटात पडून काळा झालाय. हा काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. 1833 साली मायकेल फॅरडेनं हाच पदार्थ तापवला आणि त्यातनं वीज जास्त सहज जायला लागली. तांब्याची तार तापवली तर बरोबर उलटं होतं! साधारण 180 अंशांच्या वर गेलं की या सल्फाइडमधलं गंधक जागच्या जागी राहतं आणि चांदीचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू, त्याच्यामधनं हिंडायला लागतात.

सिल्व्हर आयोडाइडचा तर नादच खुळा. 147 अंशांना त्याची रचना बदलते आणि वाहकता हजारो पटींनी उडी मारते. पुढं साडेपाचशेच्या वर ते वितळतं, तेव्हा वाहकता थोडी कमीच होते. म्हणजे आयन पळवायला द्रवच पाहिजे, असं काही नाही.

आता बॅटरी. तुमच्या मोबाइलच्या बॅटरीत दोन इलेक्ट्रोडच्या, म्हणजे तिच्या दोन टोकांच्या, मध्ये एक द्रव असतो. त्यातनं लिथियमचे आयन ये-जा करतात, आणि तो पेट घेऊ शकतो. त्याच्या जागी घन पदार्थ घालायचा, एवढीच सगळी खटपट. पण घनात लिथियमला पोहता येत नाही, एका जागेवरनं शेजारच्या रिकाम्या जागेत उडी मारावी लागते. शेजारी जागा रिकामी पाहिजे, आणि मधली फट फार अरुंद नको. त्यात घनाच्या सांगाड्यात ऑक्सिजन असेल तर तो लिथियमला घट्ट धरतो. गंधकाचा अणू मोठा, त्याची पकड सैल. म्हणून 2011 साली जपानमध्ये र्‍योजी कान्नो यांच्या गटानं लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस आणि गंधकाचं जे संयुग दाखवलं, त्याची वाहकता साध्या खोलीच्या तापमानाला सेंटिमीटरला 12 मिलीसीमेन्स निघाली. द्रवाच्या तोडीस तोड!

मग अडलंय कुठं? गंधकाच्या अशा संयुगाला, म्हणजे सल्फाइडला, दमट हवा चालत नाही. पाणी लागलं की हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्याचा वास आणि विषारी वायू. आपल्याकडच्या जुलैत हे उघड्यावर हाताळायचा विचारसुद्धा करू नका.

दुसरा गडी गार्नेट. लिथियम, लँथॅनम, झिर्कोनियम, ऑक्सिजन. 2007 साली मुरुगन, थंगदुरै आणि वेप्नर यांनी तो मांडला. हवेत सल्फाइडपेक्षा बराच सोशिक, पण वाहकता कितीतरी कमी, आणि भाजायला 1200 अंशांच्या आसपास भट्टी लागते. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीतल्या माणसाला पुढचं सांगायला नको: भाजलेला तुकडा सलग नसतो, दाण्यादाण्यांचा असतो. दाण्याच्या आत लिथियम झरझर जातो आणि दोन दाण्यांच्या शिवेवर अडखळतो. जोरात चार्ज केलं तर त्याच शिवांमधनं लिथियम धातूचे कोंब वाढतात आणि सेल शॉर्ट होतो. घन भिंत घातली की कोंब थांबतील ही जुनी आशा होती. ती पुरी झाली नाही.

माझ्या मते खरी अडचण मात्र याच्याही पुढं आहे, इलेक्ट्रोडच्या तोंडाशी. द्रव प्रत्येक खाचेत शिरतो. घन जिथं टेकतो तिथंच टेकतो. चार्ज-डिस्चार्ज होताना इलेक्ट्रोड फुगतो, आकसतो, मध्ये फट पडते, आणि फटीतनं आयन जात नाही. म्हणून प्रयोगशाळेत असे सेल बऱ्याचदा काही मेगापास्कल दाबाखाली आवळून चालवतात. 5 मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळपास 50 किलो! 'दहा मिनिटांत फुल चार्ज' अशी जाहिरात दिसली की मी आधी हा दाबाचा आकडा हुडकतो. तो दिलेला नसेल तर पुढचं वाचत नाही.