इशारे आणि तंबी

(दृश्य: जुन्या बुखाऱ्याच्या गल्ल्या, उतरतं ऊन)

बुखारा. हजार वर्षांपूर्वीची एक दुपार. पुस्तकांच्या बाजारात एक दलाल हातातल्या पुस्तकाची किंमत ओरडत फिरतोय. एका तरुणापुढे तो थांबतो. तरुण पुस्तक चाळतो आणि वैतागून परत करतो. या विषयात काही अर्थ नाही, नको.

वैतागायला कारण होतं. पुस्तक होतं तत्त्वमीमांसेवरचं, ‘असणं म्हणजे काय’ या प्रश्नाचं, आणि त्याच विषयावरचं अॅरिस्टॉटलचं ‘मेटॅफिजिक्स’ त्यानं चाळीस वेळा वाचलं होतं. पाठ झालं होतं, पण कळलं नव्हतं. दलाल म्हणाला, घ्या, स्वस्त आहे, मालकाला पैशांची नड आहे. तीन दिरहम. घेतलं. ती तत्त्वज्ञ अल-फाराबीची छोटी पुस्तिका निघाली, अॅरिस्टॉटलला त्या ग्रंथात नेमकं काय करायचंय एवढंच सांगणारी. घरी जाऊन एका बैठकीत वाचली आणि पाठ असलेलं सगळं उलगडलं. दुसऱ्या दिवशी त्यानं गरिबांना भरपूर दानधर्म केला.

हा प्रसंग त्यानं स्वतःच सांगून ठेवलाय. अबू अली इब्न सीना. जन्म 980 च्या सुमारास बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावात, मृत्यू 1037 मध्ये इराणमधल्या हमदानला. युनानी दवाखान्यांत ‘बू अली सीना’ हे नाव आजही आदरानं घेतलं जातं, ते त्याच्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथामुळे. आपण मात्र आज दवाखान्यात जाणार नाही.

(दृश्य: अरबी हस्तलिखिताचं पान, समासात बारीक टिपणं)

इस्लामी तत्त्वज्ञान शिकायचं म्हटलं की बहुतेक जण इतिहासापासून सुरुवात करतात. हा आधी, तो नंतर, याचं त्यानं खोडलं. माझं मत विचाराल तर आधी एक पान घ्यावं आणि त्यावर अडून बसावं. ते पान आहे इब्न सीनाच्या ‘शिफा’ या प्रचंड ग्रंथात, आत्म्यावरच्या भागाच्या पहिल्याच प्रकरणात.

तो म्हणतो, कल्पना करा. तुम्ही एका क्षणात निर्माण झालात, पूर्ण वाढलेले. डोळ्यांवर पडदा आहे. पोकळीतून खाली येताय, पण अंगाला वाराही लागत नाही. हातपाय असे पसरलेले की बोटाला बोट टेकत नाही. काही दिसत नाही, ऐकू येत नाही, स्पर्श नाही. अशा वेळी ‘मी आहे’ हे तुम्हाला ठाऊक असेल का?

(इथे निवेदन काही क्षण थांबतं)

इब्न सीनाचं उत्तर: असेल. हात आहे की नाही हे कळणार नाही, काळीज आहे की नाही हेही नाही. पण आपण आहोत हे कळेल. मग ज्याचं असणं कळलं ते, आणि ज्याचं कळलं नाही ते शरीर, एकच कसं?

इथे कुणाला ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ म्हणणारा फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त आठवेल. जरा थांबा. देकार्तला शंकेतून सुटायचं होतं. इब्न सीनाला कसलीच शंका नाही. आत्मा म्हणजे काय, एवढंच त्याला दाखवायचंय. आणि हे सिद्ध केलं, असंही तो म्हणत नाही. त्यासाठी त्याचा शब्द आहे ‘तनबीह’. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. आपण ज्याला तंबी म्हणतो, ती हीच. फक्त मराठीत येता येता तिच्या हातात छडी आली. मूळ अर्थ जागं करणं, लक्ष वेधणं. त्याच्या उत्तरायुष्यातल्या एका ग्रंथाचं नावच ‘अल-इशारात वत्-तनबीहात’ आहे. इशारे आणि तंबी! भाषांतराची गरजच नाही.

याच ग्रंथात त्रिकोणाचं उदाहरण येतं. त्रिकोण म्हणजे काय हे तुम्हाला नीट समजतं, तरी तो जगात कुठे आहे की नाही याबद्दल शंका उरू शकते. म्हणजे वस्तू ‘काय’ आहे हे वेगळं आणि ती ‘आहे’ हे वेगळं. झाड असेल किंवा नसेल. असलं, तर ते कुणामुळे तरी आहे. अशा कारणांची साखळी जिथे टेकते, ज्याला नसणं शक्यच नाही, ते ‘वाजिब अल-वुजूद’. भाजीवाल्याशी घासाघीस करताना आपण ‘वाजवी’ भाव मागतो, तो शब्द याच ‘वाजिब’च्या घरातला.

‘इशारात’ इतका आटोपशीर लिहिलाय की टीकाकारांवाचून पुढे सरकणं अवघड. फखरुद्दीन राझीनं त्यावर टीका लिहिली आणि पानोपानी इब्न सीनाला धारेवर धरलं. अरबीत भाष्याला ‘शरह’ म्हणतात. काही मिश्किलांनी राझीच्या भाष्याला ‘जरह’, म्हणजे जखम, असं नाव दिलं. मराठीत हा विनोद करायलाच नको, आपल्या ‘टीका’ या एका शब्दात दोन्ही मावतं. नंतर नसीरुद्दीन तूसीनं आपलं भाष्य लिहून राझीला उत्तरं दिली. त्या पानावर समासात दिसतात तशी टिपणं म्हणजे याच भांडणांचा पसारा. धर्मशास्त्री घझालीचा तत्त्वज्ञांवरचा हल्ला तर राझीच्याही आधीचा, 1095 चा, वीस प्रश्नांचा. त्याला स्वतंत्र भाग लागेल.

(दृश्य: हमदान, इब्न सीनाची कबर, वर उंच मनोरा)

हे सगळं निवांत बसून लिहिलेलं नाही. 1012 च्या आसपास इब्न सीनानं मध्य आशियातलं ख्वारिज्म सोडलं. पाच वर्षांनी तिथे गझनीचा महमूद आला, सोमनाथवर गेला तोच, आणि तिथला विद्वान अल-बीरूनी त्याच्या दरबारी गेला. बीरूनी पुढे हिंदुस्थानावर लिहिता झाला. इब्न सीना पश्चिमेकडे सरकत राहिला. हमदानला वजीर झाला. पुढे राजकारण उलटलं तेव्हा अबू गालिब नावाच्या औषधविक्याच्या घरी लपला. तिथे अर्धवट राहिलेल्या ‘शिफा’चे उरलेले मुद्दे आधी मांडून काढले, समोर एकही ग्रंथ न ठेवता, आणि मग रोज पन्नास पानं लिहीत सुटला.

त्याआधीच्या वजिरीच्या दिवसांची आठवण त्याचा शिष्य जुझजानी सांगतो. दिवस अमिराच्या चाकरीत जायचा, म्हणून वर्ग रात्री भरत. जुझजानी ‘शिफा’तलं वाचे, मग दुसरा कुणी ‘कानून’मधलं. पाळीपाळीनं. पाठ संपला की गवई येत, मद्य मांडलं जाई.