आधी खडी, मग प्लास्टिक, मग डांबर

(दृश्य : पावसात उखडलेला रस्ता, वाहत जाणारी खडी)

डांबरी रस्त्याचा खरा वैरी पाणी. खडी आणि डांबर यांच्यामध्ये पाणी शिरलं, की डांबराची पकड सुटते. वरून चाकं जात राहतात, खडी निखळते, खड्डा पडतो.

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी यावर उपाय शोधला, तो आपण फेकून देतो त्या पिशव्यांमध्ये. २००२ साली महाविद्यालयाच्या आवारातच त्यांनी प्लास्टिक वापरून रस्ता करून पाहिला.

(दृश्य : हॉट मिक्स प्लांट, म्हणजे तापलेली खडी आणि डांबर एकत्र करणारा कारखाना; ड्रममध्ये फिरणारी खडी)

कॅरीबॅग, वेष्टनं, थर्माकोल स्वच्छ करून, वाळवून यंत्रात बारीक कातरतात. खडी साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि हा चुरा थेट तिच्यावर टाकतात. बघता बघता तो वितळतो आणि दगडावर पातळ थर चढतो. त्यानंतर डांबर. या थराला डांबर घट्ट धरतं, आणि खडीच्या छिद्रांत पाणी मुरायला वाव उरत नाही.

वासुदेवन यांची खरी कल्पकता या क्रमात आहे. प्लास्टिक डांबरातच मिसळायचं तर वेगळी यंत्रणा लागते, शिवाय दोन्ही पुन्हा विलग होऊ पाहतात. खडीवर टाकलं, तर नेहमीच्याच प्लांटवर काम भागतं.

डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के एवढंच प्लास्टिक लागतं. तेवढं डांबर वाचतं. एकपदरी रस्त्याच्या एका किलोमीटरमध्ये सुमारे १ टन कचरा जिरतो. २०१५ मध्ये केंद्र सरकारनं मोठ्या शहरांलगतच्या रस्त्यांसाठी ही पद्धत बंधनकारक केली. २०१८ मध्ये वासुदेवन यांना पद्मश्री मिळाली.

(दृश्य : वर्गीकरणाची शेड, प्लास्टिक निवडणारे हात)

पण प्लास्टिक म्हणून जे मिळेल ते टाकून चालत नाही. पाइप, रेक्झिन यांतलं पीव्हीसी हे प्लास्टिक तापलं, की त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सुटतो. तो आधी प्लांटवरच्या मजुराच्या छातीत जातो. खरकटी, ओली पिशवीही निरुपयोगी. म्हणजे रस्त्याचं पहिलं काम होतं ते या शेडमध्ये. पाइपचा तुकडा, रेक्झिन, कॅरीबॅग हे सगळं इथं हातानं वेगळं होतं. रस्त्याच्या अंदाजपत्रकात डांबराचा दर असतो, खडीचा असतो. निवडलेल्या, कोरड्या प्लास्टिकलाही तसाच रास्त दर मिळाला पाहिजे, आणि तो पैसा या हातांपर्यंत पोचला पाहिजे.